‘स्थायिक’, ‘रुळलेले’ की नुसते ‘वास्तव्यास’?

विचारणा (कोथरूड)

आमच्या घराण्याच्या कुलवृत्तांताची नवी आवृत्ती तयार होत आहे. मागील आवृत्तीत परदेशी असलेल्या प्रत्येकापुढे ‘अमेरिकेत स्थायिक’, ‘इंग्लंडमध्ये स्थायिक’ अशी सरसकट नोंद होती आणि तेव्हा कोणी हरकत घेतली नव्हती. या वेळी मात्र नोकरीनिमित्त दोन वर्षांपूर्वी ब्रेमेनला गेलेल्या पुतण्याच्या नावापुढे ‘जर्मनीत स्थायिक’ असे आले, तेव्हा आमच्या वहिनींनी तो शब्द तांबड्या शाईने खोडून मजकूर परत पाठवला. सूनबाई म्हणतात, “आम्ही इथे छान रुळलो आहोत.” वहिनी म्हणतात, “रुळला असेल, स्थायिक झालेला नाही.” संपादक मंडळातील एका सदस्यांनी ‘अनिवासी भारतीय’ सुचवले आहे, ‘सेटल’ छापायला कोणीच तयार नाही. या शब्दांत नेमका फरक कोणता आणि नोंद कशी करावी?

उत्तर (सदाशिव पेठ)

वहिनींची हरकत भाषेच्या दृष्टीने अगदी रास्त आहे. ‘स्थायिक होणे’ या प्रयोगात नुसते राहणे नसते, तर यापुढेही तेथेच राहण्याचा निश्चय असतो. म्हणून आपण ‘निवृत्तीनंतर ते पुण्यात स्थायिक झाले’ असे म्हणतो, परंतु शिक्षणासाठी चार वर्षे पुण्यात खोली घेऊन राहिलेल्या मुलाविषयी तसे कधीच म्हणत नाही. हा निश्चय ज्याचा त्याने करायचा असतो. तो इतरांनी कुलवृत्तांतात परस्पर छापून टाकला, तर आईला राग येणारच.

‘रुळणे’ ही निराळी गोष्ट आहे. पायाखाली येऊन येऊन वाट रुळते, तसा माणूस एखाद्या जागी रुळतो, म्हणजे तेथील रीत त्याच्या अंगवळणी पडते आणि दर वेळी विचार करावा लागत नाही. जर्मनीत रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात, त्यामुळे दूध-भाजी शनिवारीच आणून ठेवावी लागते. पाण्याची प्लॅस्टिकची रिकामी बाटली फेकून न देता दुकानातील यंत्रात परत केली की अनामत भरलेले 25 सेंट मिळतात. कचरा प्रकारानुसार वेगवेगळ्या डब्यांत टाकावा लागतो. रात्री दहानंतर शेजाऱ्यांना ऐकू जाईल असा आवाज करायचा नसतो. आरंभी या साऱ्याची यादी मनात बाळगावी लागते. ती यादी गळून पडली, शनिवारी दुपारी पाय आपोआप दुकानाकडे वळू लागले, की माणूस रुळला. यात कायमचे राहण्याचे वचन कोठेही नाही. उलट पुढच्या वर्षी परत येणारा माणूसही उत्तम रुळलेला असू शकतो, आणि तीस वर्षे राहून, तेथील नागरिक होऊनही न रुळलेली माणसे आपण सर्वांनी पाहिली आहेत.

या दोहोंच्या मध्ये एक अस्सल पुणेरी शब्द आहे, तो म्हणजे ‘बिऱ्हाड’. पूर्वी वाड्यातील भाडेकरू कुटुंबे ‘बिऱ्हाडे’ म्हणूनच मोजली जात. बिऱ्हाड म्हटले की चूल आली, भांडीकुंडी आली, घरमालक आला आणि उद्या ते हलवावे लागेल ही शक्यताही आली. आपल्या पुतण्याने ब्रेमेनमध्ये प्रथम जे केले असेल ते हेच: भाड्याचे घर मिळवले, घरमालकाकडून राहायला आल्याचा लेखी दाखला घेतला आणि घरात आल्यापासून दोन आठवड्यांच्या आत पालिकेच्या कार्यालयात पत्ता नोंदवला. जर्मनीतील मराठी घरांत या नोंदणीला ‘आनमेल्डुंग’ असेच म्हणतात आणि तो शब्द बदलण्याचे कारणही नाही, कारण तसा प्रकार आपल्याकडे नाही. या टप्प्यावर ‘ब्रेमेनला बिऱ्हाड केले’ हे वाक्य तंतोतंत खरे ठरते, जरी आज ते कोणी उच्चारत नसले तरी.

‘अनिवासी’ हा कर आणि बँक यांच्या कामाचा शब्द आहे. आयकराच्या हिशेबात त्याची मुख्य कसोटी वर्षातील 182 दिवसांची असते. तेथे घर, मन, निश्चय यांचा संबंध येत नाही. आपल्याच माणसाचा परिचय ‘येथे न राहणारा’ असा करून देणे कुलवृत्तांताला शोभणार नाही.

जाता जाता एक गंमत. ‘परदेशस्थ’ आणि ‘कोकणस्थ’ या दोन्हींत ‘-स्थ’ आहे, परंतु दोन शतके पुण्यात राहिलेले घराणे कोकणस्थच राहते, म्हणजे तेथे प्रत्यय मूळ ठिकाण सांगतो; ‘परदेशस्थ’मध्ये तोच प्रत्यय सध्याचे ठिकाण सांगतो. ‘-कर’चेही तसेच आहे. आडनावातला ‘कर’ पूर्वजांचे गाव सांगतो, ‘लंडनकर मंडळी’ यातला ‘कर’ आजचे.

शंका (औंध)

आम्ही ब्रेमेन चौकाजवळ राहतो, म्हणून या चर्चेत थोडा हक्क सांगतो. स्थायिक कोण हे ठरवायला कायद्याची कसोटी का लावू नये? जर्मनीत मुदतीचा परवाना वेगळा आणि बिनमुदतीचा ‘निडरलासुंग’ परवाना वेगळा. तो मिळाला की ‘स्थायिक’ लिहावे, म्हणजे वादच उरणार नाही.

उत्तर (सदाशिव पेठ)

वाद उरेल. ब्ल्यू कार्डावर, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांसाठी असलेल्या मुदतीच्या परवान्यावर गेलेल्या माणसाला एरवी 27 महिन्यांनी, आणि जर्मन भाषेची बी-वन पातळी गाठली असल्यास 21 महिन्यांनीच तो परवाना मिळू शकतो. नोकरी सुटली तरी देश सोडावा लागू नये, एवढ्याच सोयीसाठी तो घेणारे पुष्कळ असतात. परवान्याने कायम राहण्याची मुभा मिळते. तेथेच राहायचे ठरले, असा त्याचा अर्थ होत नाही. मॅक्स म्युलर भवनात बी-वनच्या वर्गाला बसलेला प्रत्येक विद्यार्थी स्थायिक होण्याच्या वाटेवर आहे, असे आपण म्हणाल का?

पुन्हा विचारणा (कोथरूड)

मग पुतण्यापुढे ‘नोकरीनिमित्त ब्रेमेन, जर्मनी येथे वास्तव्य’ असे लिहितो. वहिनींना हे पटले आहे. अडचण एकच उरली. त्यांची कन्या गेल्या वर्षी तेथेच जन्मली. तिचे काय?

उत्तर (सदाशिव पेठ)

तिला यांतील एकही क्रियापद लागू पडत नाही. रुळण्यासाठी आधी दुसरीकडून यावे लागते आणि स्थायिक होण्यासाठी काही ठरवावे लागते. तिच्या नोंदीत जन्मदिनांक आणि ‘जन्मस्थळ : ब्रेमेन’ एवढे पुरे. मागील आवृत्तीतील ‘स्थायिक’ मंडळींना मात्र छपाईपूर्वी एकदा पत्र पाठवून विचारावे. त्यांपैकी काही जण आता बाणेर-बावधनला परतलेले असण्याची बरीच शक्यता आहे.