बाबांचं जीरावन आणि 'अपेक्षा': सगळ्या विषयांत ही एकच भानगड आहे का?

सुदामानगरचा पोहेवाला
मंडळी, जरा येडा प्रश्न आहे. आमचे बाबा पोह्यांवर एकाच दुकानाचं जीरावन (वरून भुरभुरवायचा मसाला) घेतात, घरचं चालत नाही, "त्याला तो वास नाही" म्हणे. गेल्या रविवारी मी दुकानाच्या रिकाम्या डब्यात आईने कुटलेलं भरून ठेवलं. बाबांनी डबा बघितला, दोन चिमटी भुरभुरवलं, पहिल्या घासाला डोळे मिटले नि म्हणाले, "बघ, याला म्हणतात जीरावन!" आई ओट्याकडे तोंड करून हसत होती.

मी स्टॅटिस्टिक्समध्ये एमएस्सी करतोय, म्हणून डोक्यात किडा वळवळतोय. औषधवाले प्लासिबो म्हणतात (गोळीत औषध नसतं, तरी बरं वाटतं), अर्थशास्त्रवाले महागाईची अपेक्षा म्हणतात आणि आमच्याकडे अपेक्षा म्हणजे नुसती सरासरी, फाशाची 3.5, जो आकडा फाशावर कधीच पडत नाही. हे सगळं आतून एकच आहे की नुसता शब्द सारखा?

फार्मसीवाली ताई
तुमची ती 3.5 वाली बाजूला ठेवा, फाशाला कोणाकडून काही नको असतं. पण प्लासिबो म्हणजे "सगळं मनाचे खेळ" असं समजू नका हं, दुकानात रोज ऐकते मी हे. 2010 मध्ये हार्वर्डच्या लोकांनी आयबीएसच्या, म्हणजे सारखं पोट दुखणं-बिघडणं असलेल्या 80 पेशंटांवर करून बघितलं, जवळपास अर्ध्यांना गोळ्या दिल्या आणि तोंडावर सांगितलं की यात औषध नाहीये, प्लासिबो आहे. तरी तीन आठवड्यांनी 59 टक्क्यांना बऱ्यापैकी आराम, ज्यांना काहीच दिलं नव्हतं त्यांच्यात 35. अर्थात त्यांना हेही सांगितलेलं की अशा गोळीनेही फरक पडू शकतो, आणि आराम पडला का ते पेशंटच सांगणार, त्यामुळे यावरून गाठ विरघळते वगैरे म्हणणाऱ्यांपासून लांब राहा.

रिटायर्ड काका
ताई, तुमच्याकडे अपेक्षा पेशंटच्या आत. आमच्या फिजिक्समध्ये ती मोजणाऱ्याच्या डोळ्यात शिरते आणि समोरच्या वस्तूला त्याचा पत्ताही नसतो. 1903 मध्ये फ्रान्सच्या ब्लोंदलो नावाच्या शास्त्रज्ञांना 'एन किरण' दिसले, जे मुळात नव्हतेच, मग अजून कितीतरी जणांना दिसायला लागले. खूण काय, तर अंधाऱ्या खोलीत एक मंद ठिणगी किंचित उजळते. 1904 मध्ये रॉबर्ट वूड नावाचा अमेरिकन बघायला गेला आणि अंधारात त्याने उपकरणातला प्रिझमच गुपचूप काढून घेतला. त्याच्याशिवाय रीडिंग यायलाच नको, तरी रीडिंगं तशीच चालू! ब्लोंदलो काही लबाड नव्हते बरं का. मीही लेझरच्या लॅबमध्ये जन्म काढला, अंधारात तास-तासभर बसल्यावर जे बघायचं असतं ते दिसायला लागतं, हे स्वतःच्या डोळ्यांनी अनुभवलंय.

शाळेतली बाई
आणि शाळेत या दोन्हीच्या मधलं काहीतरी होतं. रोझेन्थाल आणि जेकबसन या दोघांचा 1968 चा प्रयोग वाचा. कॅलिफोर्नियातल्या एका शाळेत मास्तरांना सांगितलं की ही अमुक मुलं यंदा झेप घेणार, टेस्टमध्ये आलंय, आणि नावं चिठ्ठ्या टाकल्यासारखी कशीही उचललेली. वर्षअखेरीला पहिली-दुसरीतली ती पोरं खरंच पुढे गेलेली दिसली. त्यावर नंतर पुष्कळ भांडणं झाली, वरच्या वर्गांत फारसं काही नव्हतंच. पण मला पटतं, कारण "हा हुशार" म्हणून आलेल्या पोराला मी उत्तरासाठी थांबते आणि दुसऱ्याला "बस खाली" म्हणते, हे माझं मलाच एकदा लक्षात आलं आणि लाज वाटली.

हिशोबनीस
आमच्याकडे तर अजून उलटं आहे भिया. रिझर्व्ह बँक घरोघरी विचारते की तीन महिन्यांनी, वर्षभराने भाव किती वाढतील वाटतं. लोक सरकारी आकड्यापेक्षा बहुतेक वेळा जास्तच सांगतात. ते चूक असलं तरी सोडून देता येत नाही, कारण भाव वाढणारच म्हणून कामगार पगार जास्त मागतो, दुकानदार आधीच रेट चढवून ठेवतो, आणि मग महागाई खरंच येते. प्रिझम काढून घेतला म्हणून ही जाणार नाही, इथे अपेक्षा हीच मशीन आहे.

सुदामानगरचा पोहेवाला
म्हणजे अपेक्षा कोणाच्या डोक्यात आहे आणि तिथून ती गोष्टीपर्यंत पोचते कशी, हे आधी विचारायचं. बरोबर ना?

आणि ऐका, आज परत केलं. आठ वाट्या, चार घरच्या, चार दुकानच्या, नाणं उडवून क्रम लावला आणि मीच एकेक करून दिल्या. बाबांनी आठपैकी सात ओळखल्या!! आता काय बोलू?

रिटायर्ड काका
तू समोर उभा होतास ना? बर्लिनमध्ये हान्स नावाचा घोडा खूर आपटून गणितं सोडवायचा. 1907 मध्ये फुंग्स्ट नावाच्या मानसशास्त्रज्ञाने दाखवलं की विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल तर घोडाही चुकतो. बरोबर आकडा आला की माणूस नकळत जरासा हलायचा आणि घोडा थांबायचा. तुझं थोबाड वाचलं बाबांनी. वाट्या दुसऱ्याला भरू दे, आणि देणाऱ्यालाही कळू देऊ नकोस.

सुदामानगरचा पोहेवाला
केलं काका. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी आत वाट्या भरून खाली नंबर लिहिले, आणि काहीच माहीत नसलेल्या पुतण्याने नेऊन दिल्या. आठपैकी चार. बाबा म्हणतायत आज शेव जाड होती, त्यामुळे अंदाज आला नाही.