१९ हजारांत नवा लॅपटॉप मिळतोय, बहिणीच्या डिप्लोमासाठी घ्यावा का?

बार्शीकर_दादा
नमस्कार मंडळी. धाकट्या बहिणीला दहावीनंतर सोलापूरला पॉलिटेक्निकला कॉम्प्युटर ब्रँच मिळालीय. कॉलेज सुरू व्हायच्या आत लॅपटॉप घ्यायचाय. इथल्या दुकानदाराने एक दाखवला, नवाकोरा सीलपॅक, सेलेरॉन एन४५०० प्रोसेसर, ४ जीबी रॅम, १२८ जीबी स्टोरेज, १५.६ इंची स्क्रीन, विंडोज ११ टाकलेलं, १९ हजार म्हणतोय आणि बॅग फ्री. दिसायला एकदम भारी, पातळ. माझी झेप २२ पर्यंत, फार ताणलं तर २५, त्याच्या पुढे हप्ते करावे लागतील आणि ते नकोत, ट्रॅक्टरचे आधीच चालू आहेत. तीन वर्षं टिकला पाहिजे एवढंच. मी मेडिकलमध्ये बिलिंग करतो, त्यापलीकडचं कॉम्प्युटरमधलं फारसं कळत नाही. दुकानदार म्हणतो रॅम नंतर वाढवून देतो. घरचे म्हणतात पोरीला पहिल्यांदाच घेतोय तर जुनं नको. काय करू?

सोल्डर_फ्लक्स
दादा, अजून पैसे देऊ नका. असले लॅपटॉप माझ्या टेबलावर कायम येतात (पुण्यात रिपेअरिंग करतो) आणि आणणारा बहुतेक वेळा विद्यार्थीच असतो. एन४५०० म्हणजे दोन कोअर, दोनच थ्रेड (काम करणारे हात दोनच समजा, जास्त असले की एका वेळी जास्त कामं होतात). विंडोज ११ ची किमान अटच ४ जीबी रॅमची आहे, म्हणजे चालू होईल नक्की, पण नुसतं चालू होऊन बसलं तरी अडीच-तीन जीबी विंडोजच खातं, मग क्रोममध्ये चार टॅब उघडले की संपलं. १५.६ इंची स्क्रीन आणि पातळपणा बघून भुलू नका, बुलेटची बॉडी आणि लुनाचं इंजिन असला प्रकार आहे.

दोन गोष्टी दुकानातच तपासता येतील. कंट्रोल शिफ्ट एस्केप दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, त्यात परफॉर्मन्समध्ये मेमरीवर जा. खाली फॉर्म फॅक्टर असं लिहिलेलं असतं, त्याच्यासमोर 'रो ऑफ चिप्स' आलं तर रॅम बोर्डावर चिकटवलेली आहे. तिथेच स्लॉट किती, वापरात किती तेही दिसतं, मोकळा स्लॉट नसेल तर रॅम वाढवून देतो या बोलण्याला काही अर्थ नाही. दुसरं, खोक्यावरचं स्टिकर वाचा. स्टोरेजसमोर ईएमएमसी (स्वस्तातली स्टोरेज चिप) लिहिलं असेल तर सोडून द्या. ते एसएसडीपेक्षा (वेगळी बसवलेली वेगवान स्टोरेज) कितीतरी हळू, आणि बोर्डावरच सोल्डर केलेलं असतं, उद्या गेलं तर एसएसडीसारखं स्क्रू काढून बदलता येत नाही, मदरबोर्डाचाच खर्च सांगतात. डेटाही बहुतेक वेळा त्याच्याबरोबर जातो.

इतवारीकर
मी थोडं वेगळं सांगतो. आमच्या दुकानात असाच एक सेलेरॉनवाला चालून राहिला, जीएसटीचं काम, एक्सेल, मेल, व्हॉट्सॲप वेब, काही तक्रार नाही. सगळ्यांनाच मोठं मशीन लागत नाही. कोणाच्या आईवडिलांना व्हिडिओ कॉल नि बँकेचं बघायला लागत असेल तर मी हाच घ्या म्हणेन. पण कॉम्प्युटर डिप्लोमाला? नाही हो. अन् ४ जीबी तर बिलकुलच नको.

लॅब_नंबर_२
मी पॉलिटेक्निकला शिकवते म्हणून लिहितेय. पहिल्या वर्षाला सी प्रोग्रामिंग आणि टायपिंगची कामं, त्याला काहीही चालतं, त्यामुळे वर्षभर वाटतं की आपला लॅपटॉप मस्त आहे. मग पुढे जावा, डेटाबेस, पायथन, वेब, आणि शेवटच्या वर्षाला मोबाईल ॲपचा विषय येतो की अँड्रॉइड स्टुडिओ, म्हणजे ॲप बनवायचं सॉफ्टवेअर, टाकावं लागतं. त्याची अधिकृत गरजच किमान ८ जीबी, इम्युलेटर (लॅपटॉपवरच चालणारा नकली मोबाईल) चालवायचा तर १६. ४ जीबीवाल्या मुली प्रॅक्टिकलला कोड लिहून होतात आणि मग बिल्ड (कोडचं चालणारं ॲप तयार होणं) कधी होतंय याची वाट बघत बसतात, शेजारच्या मुलीचं तोवर दोनदा रन झालेलं असतं. मला फार वाईट वाटतं कारण त्यात त्या मुलीचा काही दोष नसतो पण हळूहळू ती प्रयोग करणंच सोडून देते. प्रोजेक्टला मग ग्रुपमधल्या दुसऱ्याच्या लॅपटॉपवर काम होतं आणि ही फक्त रिपोर्ट टाईप करते. दादा, कृपया ८ च्या खाली जाऊच नका, आणि ८ घेतलीत तरी पुढे वाढवता येईल असंच बघा. लॅबमध्ये पीसी असतात, पण सरावाला ते पुरत नाहीत.

बार्शीकर_दादा
मॅडम, तुमचं वाचून घरी पण दाखवलं. दुकानात जाऊन आलो, 'रो ऑफ चिप्स'च निघालं आणि खोक्यावर ईएमएमसी. दुकानदार म्हणाला एवढं कोणी बघत नाही. मग २२-२५ मध्ये करायचं काय? जुना घ्यायचा तर फसवणूक कशी टाळायची, त्यातलं मला कळणार नाही.

सोल्डर_फ्लक्स
जुना म्हणजे कोणीतरी घरी वापरलेला नको, कंपन्यांतून निघालेला बिझनेस मॉडेल बघा. लेनोव्होचा थिंकपॅड टी४८० किंवा डेलचा लॅटिट्यूड ७४९०, २०१८ च्या आसपासचे. आय५ च्या पुढचा आकडा ८ ने सुरू झाला पाहिजे, म्हणजे आठवी जनरेशन, कारण विंडोज ११ चा अधिकृत सपोर्ट तिथून सुरू होतो आणि विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपलाय. सहावी-सातवी जनरेशन स्वस्तात गळ्यात मारतील, घेऊ नका. आठवीच्या आय५-८२५०यू ला चार कोअर, आठ थ्रेड. टी४८० ला रॅमचे दोन स्लॉट असतात (टी४८०एस वेगळा, त्यात थोडी रॅम चिकटवलेली असते, नावातला फरक नीट बघा). रॅम-एसएसडीचे भाव चढलेत म्हणून किंमत थोडी इकडेतिकडे होईल, पण ८ जीबी आणि २५६ एसएसडीवाला तुमच्या बजेटात बसायला हरकत नाही, दुसरा स्लॉट मोकळा ठेवा, दिवाळीला वाढवा.

तपासताना सगळ्यात आधी बायोस, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणारं मशीनचं सेटिंग. थिंकपॅडला चालू करताना एफ१, डेलला एफ२. पासवर्ड मागितला तर तिथूनच परत फिरा, थिंकपॅडचा सुपरव्हायझर पासवर्ड काढणं फार अवघड असतं. मग दुकानदाराला तुमच्यासमोर विंडोज रिसेट करून वायफाय जोडायला लावा, सुरुवातीला एखाद्या कंपनीचं नाव येऊन तिथला लॉगिन मागितला तर ते मशीन अजून त्या कंपनीच्या रेकॉर्डला आहे, तेही घेऊ नका. बॅटरी रिपोर्ट काढायला सांगा, मूळ क्षमता आणि आत्ताची क्षमता शेजारी शेजारी येते. टी४८० ला दोन बॅटऱ्या असतात, एक आतली एक बाहेरची, दोन्हीचे आकडे बघा. स्क्रीन फुल एचडी आयपीएसच (बाजूने बघितलं तरी रंग नीट दिसणारी) मागा, त्या मॉडेलमध्ये १३६६ बाय ७६८ वाला फिका पॅनेल पण येतो, बाजूने बघितलं की रंग उलटे दिसतात, तीन वर्षं कोड वाचून डोळ्यांची वाट लागेल.

इतवारीकर
घरच्यांना नवंच पाहिजे असेल तर एन१०० प्रोसेसर, ८ जीबी रॅम अन् एनव्हीएमई (जास्त वेगवान प्रकारची) एसएसडी असा शोधा. चार कोअर आहेत, एन४५०० पेक्षा बराच पुढे. फक्त रॅम वाढते का ते आधी बघा.

बार्शीकर_दादा
बहीण स्वतः म्हणाली जुना चालेल पण १६ जीबी होणारा घे. आई अजून तयार नाही पण पुण्यात मावसभाऊ आहे, त्याच्याबरोबर जाऊन बघतो. सोल्डर भाऊ, चार्जर आणि बिलाचं काय बघू?

सोल्डर_फ्लक्स
चार्जर ओरिजिनल टाइप-सी, ६५ वॅटचा मागा, पिन सरळ आणि उलटी दोन्हीकडून लावून चार्ज होतंय का बघा. बिल जीएसटीचं घ्या, त्यावर लॅपटॉपचा सिरीयल नंबर आणि किती महिन्यांची वॉरंटी ते लिहून घ्या, आणि वॉरंटीत बॅटरी धरलीय का ते पण. तोंडी बोलणं धरू नका. यायच्या आदल्या दिवशी इथे मॉडेल नंबर टाका, मी बघून सांगतो.