लिथोट्रिप्सीत खडा फुटतो, मग किडनी कशी वाचते?

सिंहगड रोडची लेक
बाबांच्या उजव्या किडनीत ११ मिमीचा खडा आहे. कोथरूडच्या डॉक्टरांनी लिथोट्रिप्सी, म्हणजे शरीराबाहेरून धक्क्याच्या लहरी सोडून खडा फोडणं, सुचवलीय. दगड फोडणारी लहर भोवतालचं मांस कसं सोडते? बाबा धास्तावलेत, त्यांना नीट समजावायचंय.

निवृत्त टेक्निशियन, सहकारनगर
ताई, याच मशीनवर काम करण्यात माझी सगळी नोकरी झाली. लहर पाठीवर रुंद पसरलेली असते, तिथं जोर कमी. आत ती एका जागी एकवटते आणि ती जागा एक्स-रे किंवा सोनोग्राफीत बघून खड्यावर आणायची असते. मांसात बहुतेक पाणीच, त्यामुळे लहर त्यातून फारशी न अडता जाते. खडा मात्र कठीण. लहर त्याच्या मागच्या बाजूवर आपटून उलटते, तेव्हा दाबाऐवजी ताण पडतो. खडा दाब सोसतो, ताणाने तडकतो. भोवतीच्या लघवीत बारीक बुडबुडे होतात, तेही मिटताना खडा कुरतडतात. असे दोन-तीन हजार ठोके देतात.

मशीन आणि कातडीच्या मध्ये चिकट जेल लावतात. त्यात हवा राहिली तर लहर तिथूनच परतते, म्हणून जेल लावताना मी कुणाला घाई करू दिली नाही. ठोकेही मिनिटाला ६० ते ९० बरे. १२० ने काम लवकर उरकतं, पण आधीचे बुडबुडे पुढच्या लहरीला अडवतात आणि खडा नीट फुटत नाही.

किडनीला थोडा मार बसतोच, एखाद-दोन दिवस लघवी लालसर होते. बाबा रक्त पातळ करायची गोळी घेत असतील तर डॉक्टरांना आजच सांगा. ती मनाने बंद करू नका.

१९८० च्या फेब्रुवारीत म्युनिकमध्ये पहिल्या रुग्णाला पाण्याच्या टबात बसवून हे केलं होतं. यंत्र डॉर्नियर या विमान बनवणाऱ्या कंपनीचं. मला अजून त्याचं नवल वाटतं.

हडपसरकर
माझं झालंय. खरा त्रास नंतर, तुकडे खाली उतरताना. लघवी गाळून तुकडे जपून ठेवा, तपासणीला लागतात. ताप किंवा थंडी वाजली तर रात्र असली तरी दवाखाना गाठा.

सिंहगड रोडची लेक
काका, आभार! गोळी चालू आहे, सांगते. सीटीत खड्यापुढे १३५० एचयू लिहिलंय, ते काय?

निवृत्त टेक्निशियन, सहकारनगर
तो खड्याच्या घनतेचा आकडा. १००० च्या वर गेला की लहरींनी फुटण्याची शक्यता कमी होते. रिपोर्ट घेऊन जा आणि दुर्बिणीतून लेसरने काढणं बरं पडेल का, हे तारीख घेण्याआधी विचारा.