पेटंटमधल्या 'ऑब्व्हियस'ला 'उघड' म्हणावं का?

प्रश्न : पोलरॉइडच्या एसएक्स-70 या जागच्या जागी फोटो देणाऱ्या कॅमेऱ्यातल्या आरशांवर लिहितोय. 'ऑब्व्हियस'शी येऊन अडलो; शोध 'ऑब्व्हियस' ठरला तर त्याला पेटंट मिळत नाही. 'उघड' लिहिलं की वाचणाऱ्याला 'जगजाहीर' वाटतं. तुम्ही काय लिहाल?

– 'उघड' नकोच. जगजाहीर गोष्ट नावीन्याच्या कसोटीलाच बाद होते. इथे वस्तू नवी असते; त्या कामातल्या जाणकाराला ती सुचली असती का, एवढंच पाहायचं. म्हणून 'सहज सुचण्याजोगं'. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ वाटेत आडवं येणारं, आणि जर्मन पेटंटवाले म्हणतात 'नाहेलीगेंड', म्हणजे जवळच पडलेलं. दोन्हीकडे दिसण्यापेक्षा सापडण्यावर भर आहे.

– 'सहज' कोणाला? 'जाणकाराला' हा शब्द सोडला तर व्याख्याच लंगडी पडते. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये लेथवर भांडी करण्याच्या पद्धतीचं पेटंट रद्द ठरवलं, ते कारखान्यात होतच असते अशा सुधारणेपलीकडे त्यात काही नाही म्हणून. ते पारखायला त्या कामातलाच माणूस हवा.

प्रश्नकर्ता : पटलं. आता आरसे. कॅमेऱ्यात आरसा बसवण्याचं पेटंट थॉमस सटन या इंग्रज छायाचित्रकाराने 1861 मध्येच घेतलं होतं. एसएक्स-70 ची फिल्म ज्या बाजूने प्रकाश घेते त्याच बाजूने फोटो पाहायचा, म्हणून डावं-उजवं सुलटं करायला एक आरसा लागतोच. हे सहज सुचण्याजोगंच ना?

– आरसा हवा, इथपर्यंत हो. पण बिजागरीवरच्या एकाच फळीच्या वरच्या अंगाला पाहण्यासाठीचा फ्रेनेल (बारीक कंगोरे असलेला) आरसा, खालच्या अंगाला फोटोसाठीचा सपाट आरसा, बटण दाबलं की फळी वर, आणि हे सगळं घडी घालून खिशात! उघडलेला कॅमेरा समोर ठेवून 'त्यात काय' म्हणणं ही पश्चातबुद्धी. (हा शब्द तरी आपल्याकडे तयार आहे, बिनदिक्कत वापरा.)

– उलट बाजूही लिहा. केएसआर या कंपनीच्या खटल्यातल्या 2007 च्या निकालात अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने मोटारीच्या पेडलला सेन्सर जोडणं सहज सुचण्याजोगं ठरवलं. ओळखीचे भाग जोडून अपेक्षित तेच घडलं, तर पेटंट टिकणं अवघड. आपल्या पेटंट कायद्याचं कलम 3(एफ) जवळपास हेच सांगतं.

प्रश्नकर्ता : मग 'जाणकाराला सहज सुचण्याजोगं' पहिल्यांदा पूर्ण, पुढे नुसतं 'सुचण्याजोगं'. आणि 'ऑब्व्हियसनेस'?

– 'सुचण्याजोगेपणा'. जीभ अडखळते खरी, पण 'स्वयंस्पष्टता' पेक्षा बरं.