'डिसिजन टू लीव्ह' बघून तुमचं काय झालं?

सावनी_र
काल यूट्यूबने आपणहून जुंग हून-हीचं १९६७चं, ह्या सिनेमात वाजणारं ते धुक्याचं गाणं लावलं आणि मी भांडी तशीच टाकून बसले. कोरियन दिग्दर्शक पार्क चान-वूकचा हा सिनेमा २०२२ला बघितलेला. बुसानचा इन्स्पेक्टर, डोंगरावरून पडून मेलेला नवरा, संशय बायकोवर, एवढीच गोष्ट. पण ते दोघं पोलीस ठाण्यात सुशी खातात आणि मग न बोलता मिळून टेबल आवरतात ना, तिथेच मी गेले. कोणाकोणाला असं झालंय? लिहा.

खारीबिस्कीट
शेवटी तो वाळूत तिला हाका मारत धावतो आणि ती त्याच्या पायाखालीच... मी जोरात ओरडले "अगं वर ये!" सासूबाई देवघरातून धावत आल्या 😭

निमिष७
शेवट फोडू नका हो!! अर्धाच बघितलाय

खारीबिस्कीट
इतकी वर्षं झाली, आता कसला स्पॉयलर

दादरकर
मला नाही झेपला. इन्स्पेक्टरची स्वतःची बायको बिचारी अणुऊर्जा केंद्रात इमानाने नोकरी करतेय, हा दुर्बिणीतून दुसरीच्या घरात बघतोय. रडायचं कोणासाठी?

सावनी_र
दादरकर, बायकोबद्दल पटलं. पण तो एकदाही प्रेम आहे म्हणत नाही. फोन खोल समुद्रात टाक, कोणाला सापडता कामा नये, एवढंच सांगतो. पोलिसाने पुरावा बुडवायला सांगायचा म्हणजे आयुष्यभराची इज्जत तिच्या हातात दिली. ती त्याच्या त्या बोलण्याचं रेकॉर्डिंग परत परत ऐकते, तिच्या लेखी तीच कबुली. आणि हा विचारतो, मी कधी म्हणालो? डोकंच फिरलं माझं.

मुक्ता_
सो-रे, म्हणजे ती संशयित बायको, म्हाताऱ्या माणसांची शुश्रूषा करते, ते फार कोणी बोलत नाही. आईच्या शेवटच्या दिवसांत मीच होते तिच्याजवळ. चीनमध्ये असताना तिने आईसाठी काय केलं ते कळलं तेव्हा सिनेमा बंद केला. पुढचा बऱ्याच दिवसांनी बघितला. तिला खुनी म्हणणं जमत नाही मला. बाकीचे मुडदे धरूनसुद्धा.

खारीबिस्कीट
मुक्ता 🫂

सावनी_र
मुक्ता, सावकाश लिही गं. नाही लिहिलंस तरी चालेल.

बंड्या_इन_टोरांटो
घाईत लिहितोय, पोरगी उठेल. हा इन्स्पेक्टर झालेला पार्क हे-इल म्हणजे 'मेमरीज ऑफ मर्डर' (२००३) मधला संशयित! तिथे पोलीस ह्याच्या मागे, इथे हाच पोलीस. सिनेमाला कान महोत्सवात बेस्ट डायरेक्टर मिळालं, ऑस्करने नामांकनसुद्धा दिलं नाही. मूर्ख लेकाचे

दादरकर
सो-रे झालेली तांग वेई आवडली हे कबूल करतो. चिनी बाई, कोरियन तोडकंमोडकं, अडलं की मोबाइलला चिनीत सांगते आणि भाषांतर ऐकवते. तेवढ्या वेळात हा नुसता तिच्याकडे बघत बसतो.

खारीबिस्कीट
बघा, काकांना झेपलाय 😂

निमिष७
तो सारखा डोळ्यात थेंब का घालतो? मीपण घालतो, स्क्रीनमुळे कोरडे होतात. कोणते चांगले?

मुक्ता_
डॉक्टरला विचार रे. त्याला झोपच लागत नसते. ती शेजारी बसून श्वासाला श्वास जुळवायला लावते आणि तो झोपतो. मला तोच सीन सगळ्यात जवळचा.

निमिष७
तिथपर्यंत आलो नाही अजून!! 😤

बंड्या_इन_टोरांटो
तो तिला फ्राइड राइस करून घालतो तिथपर्यंत आलास का? आमच्याकडे आज तोच बेत, कालचा भात उरलाय

खारीबिस्कीट
सोया सॉस शेवटी घाला, नाहीतर गिचका होतो