लॉन काढून कमी कटकटीची बाग केलीय का? अनुभव लिहा

आम्ही सॅन होजेला असतो. घरासमोर ६०० स्क्वेअर फूट लॉन होतं. २०१५ च्या दुष्काळात कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरांनी शहरांचा पाणीवापर २५ टक्क्यांनी कमी करायला सांगितला तेव्हापासून मनात होतं, पण धीर व्हायला पाच वर्षं गेली. ऑक्टोबरात गवत अगदी बारीक कापलं, भिजवलं, टेप काढलेले पुठ्ठे एकावर एक चढवून अंथरले, वर कंपोस्ट आणि चार इंच वुडचिप्स. उजेड नाही म्हटल्यावर गवत मरतं आणि पुठ्ठा पावसात कुजून जातो. मग त्यातच भोकं पाडून सेज, यारो आणि मोनार्क फुलपाखरांसाठी मिल्कवीड लावलं. फक्त ड्राइव्हवेच्या कडेला चर खणायचा राहिला आणि तिथून बर्म्युडा ग्रास परत घुसलं, म्हणजे आपल्या गणपतीच्या दूर्वाच. काय चिवट जीव आहे! अजून उपटतेय.

तुमचंही लिहा, पहिल्या वर्षी काय चुकलं ते आवर्जून.

---

पुणे, बाणेर. आमच्याकडे मे महिन्यात टँकर मागवायचा आणि त्यातलं पाणी लॉनला घालायचं, हे मला बघवेना. सगळं खणून काढलं आणि कोरांटी, अबोली, सदाफुली, कडेने गवती चहा, सावलीत पानफुटी लावली. पहिला पावसाळा नुसता लव्हाळा काढण्यात गेला, लोक म्हणतात कमी मेंटेनन्स पण पहिल्या वर्षी लॉनपेक्षा जास्त राबलो आम्ही. मग एकदा पानफुटीची पानं पोकळ दिसायला लागली, उजेडात धरलं तर दोन पातळ सालींच्या मधे अळी आणि तिची काळी विष्ठा. मी औषध मारणार होते, सासूबाई म्हणाल्या थांब गं, झाड मरत नाहीये ना. थांबले. काही दिवसांनी त्याच कुंडीपाशी पांढऱ्या पंखांवर काळे ठिपके आणि केशरी काठ असलेलं चिमुकलं फुलपाखरू, रेड पिएरो! सासूबाईंना हाताला धरून दाखवायला आणलं.

---

मिनेसोटा. इथे लॉन्स टू लेग्यूम्स म्हणून राज्याची योजना आहे, मधमाश्यांसाठी झाडं लावायला मदत मिळते. आम्ही कोनफ्लॉवर आणि लिटल ब्लूस्टेम लावलं. वाळलेले दांडे हिवाळ्यात कापू नका, काही मधमाश्या त्यांच्यातच राहतात. सोसायटीचं पत्र आलं होतं की अंगण अस्ताव्यस्त दिसतं, फूटपाथच्या बाजूने दोन फूट पट्टा नीट कापलेला ठेवला आणि एक पाटी लावली, मग तक्रार नाही आली.

---

नाशिक. मुलं लहान असतील तर थोडं गवत ठेवाच, त्यांना लोळायला कुठे मिळणार. आम्ही निम्मंच काढलं.

---

बाणेरवाल्या ताई, लव्हाळ्यावर पुठ्ठा चालतो का?

---

नाही हो, त्याचं टोक पुठ्ठा फोडून वर येतं. ओल्या मातीत खुरपं खोल घालून गाठीसकट काढा, वरून ओढलं की गाठ खालीच राहते. दर आठवड्याला न चुकता केलं तेव्हा दुसऱ्या पावसाळ्यात निम्म्याहून कमी आला.