मदत हवी आहे: मॉडर्न कॉलेजजवळ उतरतोय, चालत जाण्यासारखी ऐतिहासिक ठिकाणं?

सांगलीकर_७: सोमवारी मुलाच्या प्रवेशाची कागदपत्रं तपासणार आहेत. गेस्ट हाउस मॉडर्नजवळच बुक केलंय. आई सोबत आहे. मुलगा आत गेला की आम्ही जवळपास काय पाहावं? लवकर सांगा, उद्या रात्रीची गाडी आहे.

पेठकरी: कुठलं मॉडर्न?

सांगलीकर_७: पुण्यातलं हो!

पेठकरी: अहो, शिवाजीनगरला एक आहे आणि गणेशखिंडीला एक. दोन्हींत बरंच अंतर आहे. पत्ता काय दिलाय?

सांगलीकर_७: गणेशखिंड रोड, शिवाजीनगर.

पेठकरी: झालं! तो रस्ता सिमला ऑफिसपासून थेट विद्यापीठापर्यंत जातो. कॉलेजच्या पत्रावर काय आहे ते बघा.

हेमांगी_म: गणेशखिंडीचं असेल तर विद्यापीठाची मुख्य इमारत बघाच. पूर्वी तिथे गव्हर्नर राहायचे, विद्यापीठ १९४९ चं. झाडी भरपूर, आईंना निवांत बसता येईल.

गडवाटा: पुण्यात येऊन इमारती काय बघायच्या? पहाटे उठून सिंहगड करा. पिठलं-भाकरी, दही. बास.

हेमांगी_म: कागदपत्रं घेऊन सिंहगड? आणि आईंना?

टिळकरोडवाला: शनिवारवाडा सोडू नका. १७३२ चा आहे.

गडवाटा: १८२८ च्या आगीत वाडा गेला. आता तटबंदी आणि जोती. तिकीट काढून जोती बघायची!

टिळकरोडवाला: दिल्ली दरवाजा दिसत नसेल तर डोळे तपासून घ्या.

अभ्यासिका२४: मुलासाठी कॉट बेसिसवर रूम हवी असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. मेससकट (जेवणासह).

पेठकरी: इथे कोणी रूम मागितली?

सांगलीकर_७: पत्र सापडलं. शिवाजीनगरचं मॉडर्न आहे. आईचे गुडघे दुखतात, हे लिहायचं राहिलं.

पेठकरी: मग सोपं आहे. जंगली महाराज रस्त्यावर पाताळेश्वर. आठव्या शतकातलं, एकाच खडकात कोरलेलं, पुढे गोल नंदीमंडप. रस्त्यापेक्षा खाली आहे, त्यामुळे थोड्या पायऱ्या उतराव्या लागतात. आईंना हात द्या. नंतर रिक्षाने फर्ग्युसन. १८८५ चं कॉलेज, दगडी मुख्य इमारत पाहण्यासारखी. आत सोडतील का ते गेटवर विचारा, वाद घालू नका.

टिळकरोडवाला: फर्ग्युसनच का? आमचं एसपी कॉलेज १९१६ चं आहे.

हेमांगी_म: वयावर जायचं तर सीओईपी (इंजिनिअरिंग कॉलेज) १८५४ चं, तेही शिवाजीनगरलाच. काका, तुमचा नंबर बराच मागे आहे.

टिळकरोडवाला: मी एसपीचा, तुमचा काका नव्हे.

पेठकरी: पर्वती मात्र टाळा, शंभरावर पायऱ्या आहेत. वेळ उरला तर मेट्रोने रामवाडीच्या बाजूला जाऊन आगाखान पॅलेस करा. कस्तुरबांची समाधी आहे तिथे.

सांगलीकर_७: बरं. पाताळेश्वर नक्की. आई विचारतेय, तुळशीबाग लांब आहे का?

हेमांगी_म: लांब नाही, पण तिथून बाहेर पडायला वेळ लागतो. शेजारीच विश्रामबागवाडा आहे. दर्शनी भागाचं लाकडी कोरीवकाम रस्त्यावरूनच दिसतं, म्हणजे पायऱ्यांचा प्रश्न नाही.

गडवाटा: आणि मुलगा? त्याला तरी पाठवा सिंहगडावर.